रिकामे रकाने

एकतीस वर्षं मी गोळ्या तपासल्या
गोरव्याच्या कारखान्यात, पांढरा कोट, केस जाळीत.
किती वेळात विरघळते, किती दाबानं फुटते,
शंभरातल्या किती वजनाला खोट्या.
त्यामुळे निवृत्तीनंतर झोप उडाली तेव्हा
मी देवाला नाही विचारलं.
रावपुऱ्यातून एक लांब वही आणली
आणि पट्टीनं रकाने आखले.

चालणं.
पहाटे साडेपाच, कमाटीबाग, चार फेऱ्या.
झोप पाच तास. मन दहापैकी सहा.
शेरा: गुडघा. शिवाय सोबतीला काळे वकील,
जे चालत नाहीत, केसेस सांगतात.

मग श्वास. डावीनं आत, उजवीनं बाहेर.
फोनमधली बाई म्हणते, विचार ढगांसारखे जाऊ द्या.
माझे विचार ढगांसारखे नाहीत हो,
मांडवीच्या दरवाज्यातल्या रिक्षांसारखे आहेत,
एकही मागे घेत नाही.
मन चार. एका गुरुवारी आठ,
पण त्या दिवशी प्लंबरही येऊन गेला होता,
म्हणजे नमुना दूषित.

प्रफुल्लभाईंचं हास्यमंडळ:
"घोरपडेबेन, पेटमांथी, पेटमांथी!"
तीन दिवस खोटं हसले.
चौथ्या दिवशी त्यांची कवळी गवतात पडली.
मन नऊ.
पण कवळी रोज पडणार नाही,
आणि जे पुन्हा घडवता येत नाही
त्यावर मी कधी शिक्का मारला नाही.

ऋजुतानं टोरंटोहून कृतज्ञता सुचवली.
रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या.
दूध उतू गेलं नाही.
बँकेत रांग नव्हती.
तिसऱ्या ओळीत मधुसूदन असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव
पहिल्यांदाच, यमक न जुळवता.
झोप दोन तास.
मन मोजलं नाही.

अर्धी गोळी. आमच्याच कारखान्यातली,
बॅच माझ्यानंतरची.
झोप आठ तास. मन
सकाळी अकरापर्यंत सापडलं नाही.

आणि सात दिवस काहीच नाही,
कारण त्याशिवाय सगळी तुलना म्हणजे ओट्यावरच्या गप्पा.
मन साडेपाच.
म्हणजे श्वासापेक्षा दीडनं जास्त.
फोनमधल्या बाईला अजून कळवलेलं नाही.

विसर्जनापासून उत्तरायणापर्यंत एकशे वीस दिवस.
बेरीज करायला बसले
तर एकोणीस रकाने कोरे.
कारखान्यात एका कोऱ्या रकान्यासाठी
मी तेजस परमारला रडवलं होतं.
आता स्वतःचीच चौकशी: होतीस कुठे?

पाच दिवस ताप. ते मान्य.
सहा रात्री शेजारच्या जागृतीकडे,
नवरात्र तोंडावर, चौदा चनियाचोळ्या बाकी,
मी आरसे टाकत होते, दोन वाजेपर्यंत, वाकून.
एक संध्याकाळ विश्वामित्रीच्या पुलावर,
खाली मगर, वर सगळं गाव कठड्याला,
मी एका अनोळखी पोरीची सायकल धरून उभी.
तीन दिवस गुंतलेला मांजा सोडवण्यात गेले,
नातू कुणाचा, तेही नीट माहीत नाही.
उरलेले चार आठवतच नाहीत.

यातून काय धरायचं?
कोऱ्या जागेची सरासरी काढता येत नाही.
आणि "लिहायला विसरा" असा उपाय लिहिला
की त्याचाही एक रकाना होतो.

काळे वकील बागेत विचारतात, मग निकाल?
मी म्हटलं, चालणं, सहा, गुडघा धरून.
ते म्हणाले, वरच्या कोर्टात टिकेल.

काल सातवा रकाना आखायला घेतला.
अर्ध्या रेघेवर जागृतीची हाक,
गोट आखायचाय, टेप सापडत नाही,
काहीतरी सरळ घेऊन या.
पट्टी घेऊन गेले.
वही तशीच, उघडी, पंख्याखाली.